गाळाच्या निविदेत नदी कुठे आहे?

होळी उलटली की महाराष्ट्रातल्या नद्या-तलावांत पोकलेन उतरू लागतात. पाणी आटलेलं असतं, शेतं मोकळी झालेली असतात, डंपरला वाट मिळते आणि पावसाच्या आत काम उरकायचं असतं. ठेकेदार, जलसंपदा खातं, शेतकरी, सगळ्यांना हेच दिवस सोयीचे. पण उघड्या वाळूवर अंडी घालणारी नदी सुरयही याच दिवसांत विणीला बसते. मगरीची मादी काठाच्या मातीत अंडी पुरते तीही याच दिवसांत. मासे उरल्यासुरल्या डोहांत दाटीने थांबलेले असतात, पहिल्या पुराबरोबर चढणीला लागायच्या तयारीत. यंत्रांचा हंगाम आणि विणीचा हंगाम असे एकमेकांवर येतात आणि कामाच्या वेळापत्रकात त्यातला एकच लिहिलेला असतो.

गाळ काढावा की काढू नये, एवढ्यावर हा वाद थांबतो याचं मला वाईट वाटतं. पुरानंतर घरातला चिखल उपसलेल्या माणसाला गाळाचे गुण सांगण्यात काही अर्थ नाही. तलावाची साठवण घटल्यामुळे रब्बी हातची गेलेल्या शेतकऱ्यालाही नाही. अनेक ठिकाणी गाळ काढावाच लागतो. प्रश्न आहे तो तिथल्या अधिवासाचा विचार कधी होतो हा. बहुतेक वेळा तो काम संपल्यावर होतो. उरलेल्या निधीतून काठावर थोडी झाडं, एखादा जॉगिंग ट्रॅक, फार तर मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली देशातली आणि बाहेरची कामं पाहिली, तर मला त्यातून एकच गोष्ट ठळकपणे दिसते. खोदाई आणि अधिवासाची दुरुस्ती जिथे पहिल्यापासून एकाच आराखड्यात, एकाच अंदाजपत्रकात होती, तिथे दोन्ही साधलं. जिथे अधिवास ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला, तिथे तो गमावला किंवा परत मिळवायला अफाट पैसा ओतावा लागला.

नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. त्यामागे शंभरेक वर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं आणि हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरू लागले. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पाटबंधाऱ्याच्या वहीत जो गाळ साठवणीचा तोटा म्हणून मांडला जातो, त्याच गाळाने हे अभयारण्य घडवलं आहे. पण वरच्या अंगाला चांदोरी आणि सायखेडा ही गावं आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरी त्यांच्या घरांत शिरली. बंधाऱ्यामागचा गाळ काढा, ही तिथल्या लोकांची मागणी हट्टाची नाही.

अशा ठिकाणी ‘सरसकट काढा’ आणि ‘अजिबात हात लावू नका’ ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. पुराचं पाणी प्रत्यक्षात कुठे अडतं आणि पक्षी कुठे चरतात आणि वीण करतात, या दोन गोष्टी एकाच नकाशावर काढल्या की बराचसा वाद जमिनीवर येतो. चिखल्या आणि तुतवार यांना बोटभर ते चार बोटं पाणी लागतं. चमचा पक्षी गुडघाभर पाण्यात चोच फिरवत चालतो. बुडी मारणाऱ्या बदकांना त्याहून खोल पाणी हवं. सगळा तळ एका पातळीला खोदला की यातल्या शेवटच्यांची सोय होते आणि बाकीचे निघून जातात. मुख्य प्रवाहाची वाट मोकळी करायची, बाजूची उथळ पसरट जागा राखायची आणि दोहोंमधला उतार सौम्य ठेवायचा, हे अभियांत्रिकीला अवघड नाही. फक्त ते कामाच्या आधी कागदावर यावं लागतं.

चिपळूणचं उदाहरण ताजं आहे आणि जास्त अवघडही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात शहर बुडालं. लोक उपोषणाला बसले आणि २०२२ च्या सुरुवातीपासून वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतला गाळ मोठ्या प्रमाणावर निघू लागला. बाजारपेठ पाण्याखाली गेलेल्या शहराने ही मागणी केली तर तिला कोण चूक म्हणेल? पण वाशिष्ठी ही मगरींचीही नदी आहे. कोयना वीजप्रकल्पातून सोडलेलं अवजल तिच्यात येतं, म्हणून कोकणातल्या इतर नद्या कोरड्या पडतात तेव्हाही तिला पाणी असतं. मगरीच्या मादीला घरट्यासाठी पाण्यापासून थोडा वर, उतरता आणि भुसभुशीत काठ लागतो. मागच्या पायांनी ती हातभर खोल खड्डा उकरते, त्यात साधारण पंचवीस-तीस अंडी घालते, वर माती ओढते आणि पुढचे दोनेक महिने आसपास राखण करते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरतं. पावसाच्या तोंडावर अंड्यांतून आवाज येऊ लागले की ती घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्याशी नेते.

आता त्याच उतारावर एप्रिलमध्ये गाळाचा ढीग टाकला, तर घरटं तिथेच गाडलं जातं. काठ उभा कापून त्याला दगडी अस्तर केलं, तर पुढच्या वर्षी मादीला दुसरी जागा शोधावी लागते आणि ती वस्तीच्या जवळही असू शकते. हे टाळायला मोठं काहीच लागत नाही. नदीवर रोज असणारे मासेमार आणि वनखात्याची माणसं मिळून फेब्रुवारी-मार्चमध्ये काठ चालून पाहू शकतात, घरट्यांच्या जागा खुणा करून ठेवू शकतात आणि तेवढा पट्टा त्या हंगामापुरता कामातून वगळता येतो. गाळ टाकायची जागाही त्याच वेळी ठरवता येते. काठावर टाकलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात परत पात्रात येतो, हे तर पूरनियंत्रणाच्या दृष्टीनेही नुकसानच.

यंत्राने खोदलेल्या नदीचा एक ठरावीक आकार होतो. तळ सपाट, दोन्ही काठ सारख्या उताराचे, वळणं शक्य तितकी सरळ. पाण्याच्या वहनाचं गणित त्यात सोपं बसतं. पण नदीत आधी डोह असतो, पुढे खळाळ असतो, एका काठाला कातर आणि दुसऱ्याला वाळूचा पसारा असतो. खळाळात पाण्यात हवा मिसळते, खडीच्या फटींत अळ्या आणि अंडी राहतात, डोहात मासे उन्हाळा काढतात. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीतले महसीर देवाचे म्हणून कुणी धरत नाही. धार तुटते तेव्हा पुढच्या पावसाचं बियाणं त्या डोहातच शिल्लक राहतं, हे त्या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. आपल्या आराखड्यांत डोह दाखवायला साधी एक खूणही नसते.

मुंबईच्या मिठी नदीबद्दल फार लिहायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहर बुडालं आणि त्यानंतर नदी रुंद झाली, खोल झाली, भिंतींमध्ये बसली. गाळ मात्र दर वर्षी काढावा लागतो, कारण वरून येणारा कचरा आणि सांडपाणी थांबलेलं नाही. गाळ काढल्याच्या नोंदींवरून २०२५ मध्ये पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. किती काढला, हे मागाहून तपासणं अवघड असलेलं हे काम आहे. पुरावा पाण्याखाली जातो. म्हणूनही या कामाचं मोजमाप केवळ घनमीटरवर ठेवणं धोक्याचं आहे.

खोदाईची जागा एक आणि नुकसान दुसरीकडे, असंही होतं. श्रीनगरजवळचं होकरसर हे रामसर यादीतलं पाणथळ. सप्टेंबर २०१४ च्या झेलमच्या महापुरानंतर तिथून जाणारा पूरवाहक कालवा खोल करण्यात आला. कालव्याचा तळ खाली गेला आणि पाणथळातलं पाणी त्याच्या वाटेने निथळून जाऊ लागलं. हजारो स्थलांतरित बदकांनी भरायची जागा कोरडी दिसू लागली. पाणी रोखून धरणारे दरवाजे खोदाईच्या आधी बसायला हवे होते, ते मागे राहिले. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पूरनियंत्रणाचा नकाशा आणि वन्यजीव खात्याचा नकाशा वेगवेगळ्या टेबलांवर होता, एवढंच.

गंगेवर हा प्रश्न अवाढव्य होतो. २०१६ मध्ये बिहारमधून फराक्का बंधारा आणि गाळ यांवरून तक्रारी वाढल्या, तेव्हा केंद्राने भीमगोडा ते फराक्का या टप्प्यातल्या गाळाचा विचार करायला माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवलेले हे आपले मराठी अभियंते. समितीने २०१७ च्या अहवालात घेतलेली भूमिका मला आजही दिशादर्शक वाटते. झीज, वहन आणि साचणं ही नदीची स्वतःची कामं आहेत. म्हणून आधी गाळाला वाट द्यावी, पूरमैदानं मोकळी ठेवावीत आणि खोदाई करायचीच तर मर्यादित, अभ्यास करून करावी. त्याच सुमारास गंगेवर जलमार्गासाठी खोलीकरण सुरू होतं. बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव हा पट्टा १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो. तो ध्वनी सोडून प्रतिध्वनीवर वाट आणि भक्ष्य शोधतो. जहाजांचा आणि ड्रेजरचा आवाज त्याच्यासाठी काय असेल, हे सांगायला नको. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशाच्या पहिल्या गणनेत नदीतले डॉल्फिन ६,३२७ भरले. एवढ्या मोठ्या देशात एवढेच.

या सगळ्यात मन उभारी घेतं ते चिलिकापाशी. ओडिशातलं हे खाजण सरोवर १९८१ मध्येच रामसर यादीत आलं होतं. नद्यांचा गाळ साचत गेला, समुद्राकडे जाणारी लांबलचक वाट भरत आली, पाण्याचा खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासळी आटली. १९९३ मध्ये ते धोक्यातल्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. तोवर चिलिका विकास प्राधिकरण स्थापन झालं होतं. त्याने लगेच ड्रेजर लावला नाही. पुण्याजवळच्या खडकवासल्यातल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने भरती-ओहोटीचं आणि गाळाचं प्रतिमान तयार केलं, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभ्यास झाले. त्यांवरून ठरलं की जुनी वाट उपसत बसण्यापेक्षा सिपाकुडाजवळ वाळूचा बांध कापून नवं मुख द्यावं. २३ सप्टेंबर २००० रोजी ते उघडलं. समुद्राकडची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली.

परिणाम इतक्या लवकर दिसतील असं फार थोड्यांना वाटलं असेल. मासळीचं उत्पादन १९९९-२००० मध्ये दोन हजार टनांच्याही खाली होतं, ते दोन वर्षांत दहा हजार टनांच्या पुढे गेलं. तण हटलं, समुद्री गवताची कुरणं वाढली आणि त्यांच्याबरोबर कोळंबी-खेकड्यांची पिल्लं. २००२ मध्ये चिलिका धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. असं बाहेर येणारं ते आशियातलं पहिलंच. त्याच वर्षी रामसरचा संवर्धन पुरस्कारही मिळाला. पण हे फक्त मुखाचं यश नाही. पाणलोटात गावांच्या समित्यांबरोबर मृदसंधारणाची कामं झाली, खारेपणाच्या नोंदी सतत घेतल्या गेल्या, पक्ष्यांची आणि डॉल्फिनची गणना दर वर्षी होत राहिली. चिलिका पूर्ण बरं झालं असंही नाही. नवं मुख किनाऱ्याच्या प्रवाहाने सरकत गेलं आणि कोळंबीच्या बेकायदा घेऱ्यांचा उपद्रव टिकून राहिला. पण नोंदी होत्या, म्हणून काय बिघडतंय हे वेळेत कळत राहिलं. कुठे आणि का खोदायचं हे आधी ठरवलं, आणि खोदल्यावर पाठ फिरवली नाही, या दोन गोष्टींसाठी मी चिलिकाला देशातलं सर्वात चांगलं काम मानतो.

उलट वाटेने गेलेल्यांचा हिशेब अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसतो. किसिमी ही नागमोडी, १६६ किलोमीटर लांबीची नदी. पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ मध्ये तिचा ९० किलोमीटरचा सरळ, खोल कालवा केला. पूर आटोक्यात आला आणि हिवाळी पाणपक्षी सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले. मग तोच कालवा मधल्या टप्प्यात परत बुजवून जुनी वळणं जिवंत करण्याचं काम सुरू झालं, ते २०२१ मध्ये पुरं झालं. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. तिथे एवढा पैसा होता. आपल्याकडे खोदलेली नदी परत बुजवायला कुणी पैसे देणार नाही, हे धरूनच चालायला हवं.

काढलेल्या गाळातून नवा अधिवास उभारण्याची उदाहरणंही आहेत. बाल्टिमोर बंदराची वाट उपसताना निघणारा गाळ २००१ पासून चेसापीक उपसागरातल्या पॉप्लर बेटावर टाकला जातो. हे बेट एकेकाळी हजार एकरांहून मोठं होतं आणि झिजून दहा एकरांच्याही आत आलं होतं. आज तिथे पुन्हा खाऱ्या दलदलीतलं गवत आहे आणि कासवं अंडी घालायला येतात. नेदरलँड्समध्ये मार्करमेर सरोवरातल्या गढूळ गाळाचीच २०१६ पासून बेटं केली गेली. त्यांवर सुरयांनी लगोलग वसाहती केल्या. आपल्या खाड्यांत हे जसंच्या तसं चालेल असं मी म्हणणार नाही, कारण मुंबई-ठाण्याच्या खाडीतल्या गाळात कारखान्यांची घाण मिसळलेली आहे आणि तो आधी तपासावा लागेल. पण गाळ टाकायचा कुठे, या प्रश्नाला पडीक जमीन आणि ओढा यांखेरीज तिसरं उत्तर असू शकतं, हे तिथे सिद्ध झालं आहे.

आपलं स्वतःचं उत्तर पूर्व विदर्भात सापडतं. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले आणि ढिवर समाज त्यांत मासेमारी करत आला. मधल्या काळात तलाव बेशरम नावाच्या झुडपाने भरले, देशी मासे कमी झाले, बाहेरून मत्स्यबीज आणून सोडण्याची सवय लागली. काही मच्छीमार सहकारी संस्थांनी कार्यकर्त्यांच्या साथीने दुसरी वाट धरली. त्यांनी बेशरम मुळापासून उपटली, उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला तळ नांगरला आणि पहिल्या पावसानंतर देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, कोणती माशाचं खाद्य आणि कोणती पक्ष्याचं, हे त्यांना शिकवायला कुणी तज्ज्ञ आला नव्हता. देवधान, म्हणजे रानटी भात, उथळ काठाला हवं, हे तिथल्या बायाही सांगतात. मासे परतले आणि पक्षीही. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो याच टापूत, हेही लक्षात ठेवावं.

खोलीकरणाच्या कामात नेमका हाच उथळ काठ आधी जातो, कारण तिथे यंत्र सहज पोहोचतं. वरचा वीतभर थरही जातो, ज्यात पाणवनस्पतींचं बी, कंद, गोगलगायी आणि शिंपले असतात. हा थर वेगळा खरवडून बाजूला ठेवला आणि काम झाल्यावर काठाला परत पसरला, तर अर्धी लागवड आपोआप होते. पण ठेकेदार हे करणार नाही, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही.

इथे प्रश्न कायद्याचा आणि निविदेचा होतो. देखभाल आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी धरणं, बंधारे, नद्या, कालवे यांतला गाळ काढण्याला जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने आगाऊ पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. लहान कामांना कागदांच्या जंजाळातून सोडवणं समजू शकतं. पण या सुटीमुळे मोठ्या नद्यांतलं कामही कोणत्याही जीवसृष्टीच्या पाहणीशिवाय सुरू होऊ शकतं. पाणथळांसाठी २०१७ चे नियम आहेत, पण अधिसूचित नसलेल्या गावतलावांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. महाराष्ट्राची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. तिच्यात गाळ शेतात नेण्याची कल्पना चांगलीच आहे. हलक्या जमिनीला त्याचा फायदा होतो आणि वाळू काढायलाही मनाई आहे. तलावाचा कोणता भाग राखायचा, हे मात्र त्या चौकटीत ठळकपणे येत नाही.

आणि पैसे मोजले जातात ब्रासने किंवा घनमीटरने. जितकं खोदाल तितकं बिल. या पद्धतीत थांबण्याचं कारणच उरत नाही. माझ्या मते सगळ्या सुधारणांत हीच पहिली. निविदेतच राखीव पट्टे, डोह आणि बेटं नकाशावर आखावीत आणि त्यांना धक्का लागल्यास बिलातून कपात व्हावी. काठाचा उतार, वरचा थर परत पसरणं आणि देशी वनस्पतींची लागवड या स्वतंत्र बाबी म्हणून दरासह लिहाव्यात. बिलाचा काही हिस्सा दोन पावसाळ्यांनंतर, मासे-पक्ष्यांची पाहणी पाहून द्यावा. त्या पाहणीत स्थानिक मच्छीमार संस्थेची सही असावी. शहरातल्या नदीचा गाळ शेतात जाण्याआधी त्यातल्या धातूंची चाचणी सक्तीची असावी. आणि विणीचे महिने वगळून वेळापत्रक बसवावं. ते शक्य नसेल तर निदान नदीचे टप्पे पाडून एका वर्षी एकच काठ हाती घ्यावा, म्हणजे जिवांना सरकायला जागा उरेल.

यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागतं ते वेळेवर विचारणं. मार्चमध्ये पोकलेन उतरल्यावर हरकत घेऊन उपयोग नसतो, तोवर दर ठरलेले असतात आणि यंत्रांचं भाडं चालू झालेलं असतं. अंदाजपत्रकं दिवाळीच्या आसपास तयार होऊ लागतात. तुमच्या गावच्या तलावाचं किंवा नदीचं काम येत्या उन्हाळ्यासाठी मंजूर होत असेल, तर ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत आत्ताच उभं राहा, कामाचा नकाशा मागा आणि त्यावर न खोदायची जागा कुठे दाखवली आहे ते विचारा. दाखवली नसेल, तर ढिवर, भोई, कोळी अशा त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन ती तुम्ही आखून द्या.